पहिली उलटी किती वाजता झाली?

पावसाच्या पहिल्या सरी जमिनीत जिरल्या, की वारुळांवर, बांधांवर, कुजक्या ओंडक्यांवर अळंबी उगवू लागते. कोकणात आणि गोव्यात वारुळावरच्या अळंबीची लोक वर्षभर वाट पाहतात. शेजारीच उगवलेल्या दुसऱ्या एखाद्या छत्रीला मात्र ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून सोडून देतात. फसगत होते ती या दोहोंच्या निवडीत.

विषारी अळंबी खाऊन होणाऱ्या विषबाधेला वैद्यकशास्त्रात ‘मायसेटिझम’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘मायकेस’ म्हणजे अळंबी, त्यावरून हा शब्द आला. त्याच्याशी गल्लत होते ती ‘मायकोटॉक्सिकोसिस’ या शब्दाची. धान्याला लागलेल्या बुरशीचे विष पोटात गेले, तर हा दुसरा शब्द वापरतात. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. ती बुरशी मक्याबरोबर नकळत पोटात गेली होती. मायसेटिझममध्ये मात्र अळंबी आपणच हौसेने खुडून, शिजवून ताटात वाढून घेतो.

नाव एक असले, तरी यात आजार अनेक आहेत. म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, की ‘काय खाल्ले?’ या प्रश्नापाठोपाठ ‘किती वाजता खाल्ले आणि पहिली उलटी किती वाजता झाली?’ हे विचारा. अळंबी तर पोटात गेलेली असते, तिची जात ओळखणार कशी? अशा वेळी घड्याळ बरेच काही सांगते.

बागेतल्या हिरवळीवर मोठ्या पांढऱ्या छत्रीची एक जात उगवते. जून झाली की तिच्या खालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक येते. ती खाल्ल्यावर दोन-तीन तासांतच उलट्या, जुलाब आणि पोटात मुरडा सुरू होतो. माणूस हैराण होतो. पण शरीरातले पाणी वेळीच भरून काढले, तर बहुधा एक-दोन दिवसांत बरा होतो. काही जातींत मस्करीन नावाचे विष असते. त्याने दोन तासांच्या आत दरदरून घाम फुटतो, लाळ गळते, नाडी मंदावते. त्यावर अ‍ॅट्रोपीन हे औषध लागू पडते.

खरी भीती उशिरा बोलणाऱ्या विषाची. युरोपात ‘डेथ कॅप’ म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या अळंबीत आणि तिच्या काही भाऊबंदांत अ‍ॅमाटॉक्सिन असते. जेवणानंतर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. दुसऱ्या दिवशी ते थांबतात, रुग्णाला हुशारी वाटते, घरचे निःश्वास टाकतात. पण आत यकृताच्या पेशी मरत असतात. नवी प्रथिने तयार करण्याचे त्यांचे कामच हे विष बंद पाडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, रक्त गोठेनासे होते, शुद्ध हरपते. हमखास उतारा अजून नाही. काही रुग्णांना यकृतरोपणाखेरीज मार्ग उरत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा जण दगावले. त्यांत बरेच जण चहामळ्यांतल्या मजूर कुटुंबांतले होते.

याहूनही सावकाश काम करणारे विष आहे. १९५२ साली पोलंडमध्ये शंभराहून अधिक लोकांना मूत्रपिंडाचा विकार जडला. अळंबी खाल्ल्यानंतर तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत लक्षणे दिसत होती. जेवण आणि आजार यांचा संबंध कुणाच्या ध्यानात यावा?

लवकर उलटी झाली म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. परडीत दोन जातींची सरमिसळ झालेली असू शकते. पहिली लगेच त्रास देते, दुसरी मागाहून घात करते.

आता काही समजुतींविषयी. चांदीचा चमचा काळा पडला तर अळंबी विषारी, किड्याने खाल्ली तर चांगली, उकळून पाणी टाकले की विष जाते, असे लोक म्हणतात. यांतले एकही खरे नाही. अ‍ॅमाटॉक्सिन शिजवून नष्ट होत नाही आणि गोगलगाय जे पचवते, ते माणसाला पचेलच असे नाही.

तेव्हा खात्रीची ओळख नसेल, तर रानातली अळंबी खाऊ नये. बाजारात लागवडीची धिंगरी आणि बटण अळंबी मिळते, ती खुशाल खावी. खाल्ल्यावर त्रास झालाच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. उरलेली भाजी, निवडताना टाकलेले तुकडे कागदात गुंडाळून सोबत न्यावेत. ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली, त्या सगळ्यांना न्यावे, बरे वाटत असले तरीही. आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण ‘आता बरे वाटते, घरी जाऊ या’ म्हणाला, तरी डॉक्टरांनी रक्त तपासून यकृत ठीक असल्याचे सांगेपर्यंत त्याला घरी आणू नये.