लोकमत कसे मोजतात?

निवडणूक आली, की महाड-पोलादपुरात एक प्रश्न आम्हांला हमखास ऐकू येतो : “आम्हांला कोणी विचारले नाही, मग हे आकडे आले कोठून?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर घरच्या चुलीवरच आहे. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी सारे पातेले उपसत नाही. ती चार शिते चेपून पाहते. पण ती तळापर्यंत पळी घालून काढते.

लोकमतपाहणीचे शास्त्र या पळीत आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणाचीही आवडनिवड न ठेवता हजार माणसे निवडली, तर अंदाज बहुधा शेकडा तीनांपेक्षा फार चुकत नाही. मग लोकसंख्या लाखाची असो वा कोटींची. उलट १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे चोवीस लाख उत्तरे जमवून लँडन निवडून येणार असे भाकीत केले. पत्ते बव्हंशी टेलिफोनवाल्यांचे व मोटारवाल्यांचे होते. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून आले!

आता आमच्याकडे पाहा. पोलादपूरच्या वाड्यांवर दिवसा भेटतात ती बहुधा म्हातारी माणसे, तरुण मुंबईस. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार पाळीवर, नाही तर रात्रपाळी करून झोपलेला. हमरस्त्यावरच्या टपरीत चहा पिणारी दहा माणसे म्हणजे तालुका नव्हे.

बरे, माणूस योग्य निवडला तरी तो मनातले बोलेल काय? द्वारसभेत मालकाचा माणूस कोपऱ्यात उभा असला की वर होणारे हात आणि चिठ्ठीवर लिहिलेले मत यांतले अंतर आम्ही अनेकदा पाहिले आहे. म्हणूनच ‘लोकनीती’चे पाहणी करणारे मताचा प्रश्न तोंडी विचारीत नाहीत; नकली मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगतात. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३.

सामाजिक प्रश्नांत तर ही अडचण दुप्पट. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांस खुले केल्याचा ठराव केला. त्या कागदावरून गावाचे मत ठरविले असते तर? २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तेथे पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि ऑगस्टात तो ठरावही रद्द झाला.

२०११-१२ मध्ये देशभरातील सुमारे ४२ हजार कुटुंबांची एक पाहणी झाली. तीत आधी विचारले : घरात कोणी अस्पृश्यता पाळते काय? ‘नाही’ म्हणणाऱ्यास पुढे विचारले : दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली, तर चालेल काय? दोन्ही प्रश्न मिळून शेकडा सुमारे २७ घरांनी अस्पृश्यता कबूल केली. दुसरा प्रश्न विचारला नसता, तर आकडा याहून कमी भरला असता.