भंगारातील पिंपापासून धुरीची भट्टी : विज्ञान, बांधणी आणि सावधगिरी

अन्न टिकवण्यासाठी धुराचा उपयोग माणसाने फार प्राचीन काळापासून केला आहे. आपल्याकडे चुलीवरच्या माळ्याला बियाण्याची कणसे टांगली जात, ती धुरामुळे किडीपासून वाचत. कोडगूतील कोडव घरांत चुलीवर टांगून धुरवलेले डुकराचे मांस पावसाळ्याची बेगमी म्हणून राखले जाई. लक्षद्वीपमध्ये कुपा मासा शिजवून, नारळाच्या सोडणांचा धूर देऊन आणि उन्हात वाळवून ‘मासमीन’ तयार होते. ईशान्य भारतात तर धुरवलेला मासा रोजच्या आहाराचा भाग आहे. महाराष्ट्रात रायगडची पोपटी आणि आगाशी-विरारचे भुजिंग प्रसिद्ध असले, तरी ते भाजण्याचे प्रकार आहेत. मंद आचेवर, मोजून दिलेल्या धुरात मासा किंवा मांस तयार करण्याची पद्धत आपल्याकडे अजून मर्यादित आहे.

अलीकडे घराच्या अंगणात किंवा शेतघरी धुरीची भट्टी स्वतः तयार करण्याची हौस वाढते आहे. अमेरिकेत अशी भट्टी बहुधा जुन्या प्रोपेनच्या टाकीपासून बनवतात. ते पाहून आपल्याकडेही गॅसच्या जुन्या सिलिंडरवर ग्राइंडर चालवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. हा विचार का सोडावा आणि त्याऐवजी काय करावे, याची चर्चा या लेखात बेंगळूरू परिसर डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

सिलिंडर का नको?

प्रोपेनच्या टाकीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. तिचा पत्रा जाड असतो, त्यामुळे उष्णता धरून ठेवली जाते आणि आच कमी-जास्त झाली तरी आतील तापमान फारसे हलत नाही. गोलाकार टोकांमुळे धूर कोपऱ्यांत साचत नाही. परंतु अमेरिकेत अशी टाकी ग्राहकाच्या मालकीची असू शकते. आपल्याकडे घरगुती १४.२ किलोचा किंवा व्यावसायिक १९ किलोचा सिलिंडर हा तेल कंपनीच्या मालकीचा असतो. ग्राहक केवळ अनामत रक्कम भरून तो वापरतो. त्याला कापणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू नष्ट करणे होय.

दुसरी बाजू कायद्याची आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ हे स्फोटक पदार्थ अधिनियम, १८८४ अंतर्गत येतात आणि त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना पाहते. चाचणीत बाद ठरलेला सिलिंडर सपाट चेपून किंवा पुन्हा जोडता येणार नाही अशा तुकड्यांत कापून नष्ट करावा, अशी या नियमांतील तरतूद आहे. म्हणून भंगारात अखंड सिलिंडर दिसला, तर तो तेथे वैध मार्गाने आला असण्याची शक्यता कमी आहे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, जिवाचे. द्रवरूप गॅसचे वायूत रूपांतर होताना त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट वाढते. हवेत या वायूचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्के असले की एक ठिणगी पुरते. ‘रिकामा’ सिलिंडर प्रत्यक्षात रिकामा नसतो. झडप उघडी ठेवली तरी तळाशी तेलकट गाळ उरतो आणि ग्राइंडरच्या किंवा गॅस-कटरच्या उष्णतेने त्यातून पुन्हा वाफ सुटते. हवेपेक्षा जड असल्याने ती आत तशीच बसून राहते. सिलिंडर पाण्याने काठोकाठ भरून कापण्याची परदेशी युक्ती अनेकांना माहीत असते. परंतु अर्धवट भरलेल्या पाण्याच्या वर उरलेली पोकळी हीच स्फोटाची जागा ठरते. घरगुती कामासाठी ही जोखीम घेण्याचे काहीच कारण नाही, कारण सुरक्षित पर्याय सहज उपलब्ध आहे.

पर्याय : दोनशे लिटरचे पोलादी पिंप

कोल्हापुरात ‘गुजरी’ म्हटले की सोन्याची पेठ आठवते. बेंगळूरूत मात्र गुजरी म्हणजे भंगाराचे दुकान. या दुकानांत दोनशे लिटरची पोलादी पिंपे मिळतात. त्यांचा व्यास सुमारे ५८ सेंटिमीटर आणि उंची सुमारे ८८ सेंटिमीटर असते. पिंपाची निवड करताना त्यात पूर्वी काय होते, हा पहिला प्रश्न विचारावा. कीडनाशके, रंग, द्रावक रसायने किंवा खनिज तेल साठवलेले पिंप कितीही धुतले तरी अन्नासाठी वापरू नये. शिवाय ज्वलनशील द्रव साठवलेले बंद पिंप कापणे सिलिंडरइतकेच घातक असते. खाद्यतेलाचे किंवा फळांच्या गराचे पिंप उत्तम. बेंगळूरूपासून जवळच असलेल्या कृष्णगिरी व चित्तूर भागांत आंब्याचा गर निर्जंतुक पिशवीत भरून ती पिशवी पोलादी पिंपात ठेवतात. असे झाकणाचे पिंप मिळाले, तर गराचा आणि पत्र्याचा थेट संबंधही आलेला नसतो.

पिंपाचा एक दोष मान्य केला पाहिजे. त्याचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असल्याने उष्णता लवकर निसटते आणि काही वर्षांत गंज चढतो. अधिक टिकाऊ भट्टी हवी असल्यास पीण्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी जाड पोलादी पाइपचे उरलेले तुकडे मिळतात का, ते पाहावे. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा, अर्धा मीटर व्यासाचा नवा तुकडा हा प्रोपेनच्या टाकीचे सर्व गुण देतो आणि तिचा एकही धोका आणत नाही.

धुरात काय असते?

लाकूड तापले की त्याचे घटक क्रमाने विघटित होतात. साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअस दरम्यान हेमिसेल्युलोज तुटून आम्ले तयार होतात, पुढे सेल्युलोज आणि त्यानंतर ३०० ते ५०० अंशांच्या दरम्यान लिग्निन तुटून ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी फिनॉल वर्गातील संयुगे निघतात. धुराचा सुगंध आणि चव मुख्यतः या फिनॉलमुळे येते. तीच संयुगे स्निग्ध पदार्थांचे खवट होणे रोखतात. आम्ले आणि फॉर्माल्डिहाइड पृष्ठभागावरील जिवाणूंना आवर घालतात. मात्र टिकाऊपणाचे मुख्य श्रेय मीठ, उष्णता आणि कमी झालेल्या ओलाव्याला जाते.

याच धुराची एक काळी बाजू आहे. आच फार वाढली किंवा मासळीची चरबी थेट निखाऱ्यावर टपकली, की बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन तयार होतात. त्यांपैकी बेंझो(ए)पायरीन हे संयुग आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. युरोपीय संघाने धुरवलेल्या माशांसाठी सप्टेंबर २०१४ पासून त्याची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम इतकी ठरवली. कोडेक्स आयोगानेही २००९ मध्ये हे प्रदूषण कमी करण्यासाठी स्वतंत्र कार्यसंहिता प्रसिद्ध केली.

या प्रश्नावर जगभर काम झाले आहे. घानामधील चोरकोर भट्टीने पारंपरिक पिंप-भट्टीपेक्षा इंधनाची बचत केली. पुढे २००८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सेनेगलमधील संस्थेसोबत थियारॉय तंत्र विकसित केले. त्यात निखाऱ्याची भट्टी, चरबी गोळा करणारे तबक आणि स्वतंत्र धूरजनक असे भाग जोडले आहेत. आपल्याकडे कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने सामूहिक वापरासाठी ‘कोफिस्की’ ही भट्टी तयार केली आहे. या अनुभवांचा गाभा एकच आहे : आग आणि अन्न यांत अंतर ठेवावे. म्हणूनच पुढील आराखड्यात अग्निपेटी पिंपाच्या खाली न ठेवता बाजूला जोडली आहे.

मोजमापे

कारागिरांचा ठोकताळा असा, की अग्निपेटीचे आकारमान धुरीच्या कोठीच्या सुमारे एक-तृतीयांश असावे. दोनशे लिटरच्या पिंपाला ४० सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीची, म्हणजे ६४ लिटरची चौकोनी पेटी पुरेशी होते. तिच्यासाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा घ्यावा. पेटी व पिंप यांमधील झरोका सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर (३० × १० सेंटिमीटर), हवा आत घेणारे सरकते दार सुमारे ८० चौरस सेंटिमीटर (१० × ८ सेंटिमीटर) आणि धुराडे ७५ मिलिमीटर व्यासाचे, एक मीटर उंचीचे ठेवावे.

बांधणीचा क्रम

१. पिंपाचे झाकण व रबरी कडे काढून पिंप साबणाच्या गरम पाण्याने धुवावे. त्यानंतर मोकळ्या जागी, वस्तीपासून दूर, पिंपात लाकडांचा जोरदार जाळ करून आतील रंग व लेप पूर्ण जाळून टाकावा. या धुरात श्वास घेऊ नये. पिंप थंड झाल्यावर तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करावे.

२. पिंप आडवे करून लोखंडी चौकटीवर बसवावे. अग्निपेटीच्या विरुद्ध टोकाकडे साधारण २ सेंटिमीटरचा उतार द्यावा आणि तेथे तळाशी चरबी वाहून जाण्यासाठी छोटी नळी जोडावी.

३. वरच्या अंगाला ६० × ३५ सेंटिमीटरचे दार कापावे. कापण्याआधीच बिजागऱ्यांच्या जागा आखाव्यात, म्हणजे वक्र पत्रा नंतर नीट बसतो. दाराच्या कडेला लोखंडी पट्टी लावावी.

४. अग्निपेटी एका टोकाला, पिंपाच्या मध्यरेषेच्या खाली जोडावी. झरोक्यासमोर आत तिरपा आडपत्रा बसवावा, म्हणजे जाळाची झळ थेट अन्नावर येत नाही. पेटीत तळापासून ८ ते १० सेंटिमीटर उंचीवर सळ्यांची जाळी द्यावी. खाली राख पडते आणि वर हवा खेळते.

५. धुराड्याचे तोंड दुसऱ्या टोकाला, अन्नाच्या जाळीच्या पातळीवर उघडावे. ते पिंपाच्या माथ्यावर ठेवल्यास गरम धूर अन्नाला न शिवता वरून निघून जातो.

६. अन्नासाठी स्टेनलेस स्टीलची जाळी वापरावी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी, पत्रा किंवा नळी कोठेही नको, कारण तापलेल्या जस्ताच्या वाफांमुळे वेल्डरला ज्वर येतो. बाहेरून उष्णतारोधक रंग चालेल, आतून मात्र रंग लावू नये. आतील भागाला शेंगदाण्याचे तेल पुसून दोन तास भट्टी रिकामी तापवावी.

लाकूड आणि तापमापक

आंबा, पेरू, चिकू, फणस, कॉफीच्या झाडाच्या फांद्या आणि नारळाच्या करवंट्या धुरीसाठी चांगल्या. पेरू व आंब्याच्या बागेत छाटणी नियमित होते. हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या परिसरासारख्या फळबागांच्या पट्ट्यात असे लाकूड सहज मिळते. ते सावलीत चांगले वाळवावे. ओले लाकूड धुमसून कडू, काजळीचा धूर देते. चीड-देवदारासारखी राळयुक्त लाकडे, प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, प्रक्रिया केलेल्या पेट्या आणि कण्हेरीसारखी विषारी झाडे कटाक्षाने टाळावीत. धुराड्यातून विरळ, निळसर धूर निघणे ही योग्य ज्वलनाची खूण होय. पांढरा दाट लोट दिसला तर हवा वाढवावी.

तापमापकाशिवाय भट्टी चालवू नये. दांडीचा तापमापक उकळत्या पाण्यात तपासून घेता येतो, पण बेंगळूरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी सुमारे ९७ अंशांना उकळते. येथे १०० अंश दाखवणारा तापमापक वस्तुतः तीन अंश जास्त दाखवत असतो. त्याच्यावर विसंबून आतील मांस पुरेसे तापले असे समजल्यास अन्न कच्चे राहील. पुण्यात हा उत्कलनबिंदू सुमारे ९८ अंश येतो.

मासा धुरवण्याची रीत

हेसरघट्टा येथे केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे आणि परिसरातील तलावांत रोहू, कटला हे मासे चांगले वाढतात. ताजा रोहू कापून, स्वच्छ धुऊन, एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ या द्रावणात तुकड्यांच्या जाडीनुसार अर्धा ते एक तास ठेवावा. नंतर निथळून, पृष्ठभाग किंचित चिकट व चकचकीत होईपर्यंत सावलीत वाऱ्यावर सुकवावा. ओल्या पृष्ठभागावर धूर नीट बसत नाही.

भट्टीत पहिला अर्धा तास सुमारे ३० अंश, दुसरा अर्धा तास ५० अंश आणि त्यानंतर साधारण एक तास ८० अंश तापमान ठेवावे. आच एकदम वाढवल्यास बाहेरून कवच धरते आणि आत ओलावा अडकतो. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी ६३ अंश तापमान किमान अर्धा तास टिकले पाहिजे. कोंबडीसाठी मध्यभागी ७४ अंश गाठावेत.

बांगडा व कुपा यांबाबत आणखी एक दक्षता हवी. हे मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होते आणि ते धुराने वा शिजवण्याने नष्ट होत नाही. म्हणून शिळी मासळी धुरवून ‘वाचवण्याचा’ प्रयत्न करू नये. तयार मासा थंड करून कागदात गुंडाळावा, शीतकपाटात ३ अंशांखाली ठेवावा आणि थोड्या दिवसांत संपवावा. हवाबंद पिशवीत भरायचा असल्यास तो गोठवूनच ठेवावा. बोटुलिनम जिवाणूला प्राणवायूरहित जागा मानवते आणि त्याचे काही प्रकार ३.३ अंशांवरही वाढू शकतात.

शेवटी

भट्टी नेहमी उघड्यावर चालवावी. बंद गच्चीत किंवा सदनिकेच्या सज्जात कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. विक्रीसाठी उत्पादन करायचे असल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक आहे. बचत गटांनी तर प्रयोगशाळेत नमुने तपासून घेतल्याशिवाय बाजारात उतरू नये.

पिंप, पत्रा, जाळी आणि एका वेल्डरचे दोन दिवस एवढ्यावर ही भट्टी उभी राहते. तलावातील मासळी आणि बागेतील छाटणीचे लाकूड यांचे मूल्य तिच्यामुळे वाढू शकते. भट्टीसाठी टाकी निवडताना ‘ही किती जाड आहे’ याआधी ‘हिच्यात पूर्वी काय होते’ हे विचारावे. त्याचे खात्रीशीर उत्तर मिळाले नाही, तर ती टाकी भंगारवाल्याकडेच राहू द्यावी.