बारा ते दोन

फ्रान्समधल्या लियोंच्या बुशोंत, म्हणजे तिथल्या पारंपरिक खाणावळीत, शिरल्यावर पहिली कसरत असते ती कोट काढण्याची. टेबलं इतकी खेटून मांडलेली असतात की बाही ओढताना कोपर शेजारच्याच्या ग्लासाला लागतं. तो ग्लास सावरतो, हसतो आणि पुन्हा गप्पांना लागतो. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर तांब्याची भांडी, जुनी पोस्टरं. फोटो छान येतात. मला जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून, आणि तिथून दिसलं ते असं, की या सगळ्या उबेमागे रोकडा हिशेब आहे.

अख्खी खोली एक बाई सांभाळत होती. आत एक आचारी आणि भांडी घासणारा पोरगा. इथली प्रत्येक रीत त्या बाईच्या खेपा वाचवण्यासाठी पडली असावी असं वाटत राहतं. काळ्या पाटीवर मोजकेच पदार्थ, तेच ती तोंडानेही सांगते. सुरुवातीला मसूर, बटाट्याबरोबरचा हेरिंग मासा, बीट असं काय काय मोठ्या वाडग्यांतून येतं. आपण वाढून घ्यायचं आणि वाडगं शेजारच्या टेबलाकडे सरकवायचं. तेवढ्यात ती दारात उभ्या असलेल्या चौघांना बसवून येते. वाइन येते 'पो'मधून. ही 46 सेंटिलिटरची जाड बुडाची काचेची बाटली. बूड जड म्हणून गर्दीत कलंडत नाही. बूच काढणं, हुंगणं, मान डोलावणं यातलं काही नाही. पहिली ताटली उचलताना काटा-सुरी मात्र ती आपल्याच हातात परत देते. पुढच्या पदार्थालाही तीच वापरायची.

आचाऱ्याने मला सकाळीच दाराशी उभं राहू दिलं होतं. तो कनेल करत होता. पाइक हा गोड्या पाण्यातला मासा चवीला उत्तम, पण बारीक, फाटे फुटलेल्या काट्यांनी भरलेला. सरळ तुकडे करून खाणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून मांस वाटायचं आणि बारीक चाळणीवर घासून घासून खाली उतरवायचं. काटे आणि दोरे वर राहतात. दूध, लोणी आणि मैद्याची घट्ट उकड काढून गार केलेली असते. ती, अंडी, आणखी लोणी आणि हा मासा एकजीव करून मिश्रण थंडीत ठेवून द्यायचं. मग दोन चमचे पाण्यात बुडवून, एकातून दुसऱ्यात फिरवत लांबट गोळा घडवायचा. त्याचे हात बोलण्याच्या नादातही थांबत नव्हते. खारं पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं थरथरत ठेवायचं. उकळी फुटली की गोळा फुटला. शिजलेला गोळा आपोआप वर तरंगतो.

एवढं सगळं सकाळीच उरकलेलं असतं. दुपारी ऑर्डर आली की लंबगोल भांड्यात कनेल, वर नांतुआ सॉस (नदीतल्या, झिंग्यासारख्या छोट्या क्रेफिशचं लोणी घातलेला, दाट, केशरट) आणि भट्टी. कनेल फुगून जवळजवळ दुप्पट होतं. बाहेर काढलं की काही मिनिटांतच बसायला लागतं. म्हणून 'शो दव्हां!', म्हणजे पुढे गरम आहे, सरका, अशी आरोळी ठोकत ती बाई खुर्च्यांमधून अशी सुसाट येते की आपण पाय आपोआप आत घेतो. ते भांडं पुढ्यात आल्यावर फोनवर बोलत बसणाऱ्या माणसाकडे तिने टाकलेली नजर मी पाहिली आहे.

या स्वयंपाकाचं मूळ गरिबीत आहे. क्रुआ-रूसच्या टेकडीवर रेशीम विणणारे कामगार पहाटेपासून मागावर असत आणि सकाळीच भरपेट खात. याच विणकरांनी 1831 मध्ये मजुरीच्या दरासाठी बंड केलं होतं. त्यांना परवडायचं ते खाटकाकडे उरलेलं: आतडी, वजडी, पाय, मुंडी. वजडी ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला 'ताब्लिये द सापर' आजही पाटीवर असतो. वजडी, भेजा आवडीने खाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना तिथे बिचकायचं कारण नाही. फक्त ही वजडी गाईची असते. श्रीमंतांच्या घरी राबलेल्या स्वयंपाकिणींनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या. लोक त्यांना 'मेर', म्हणजे आई, म्हणत. त्यांच्यातल्या युजेनी ब्राझिए यांनी 1921 मध्ये रु रॉयालवर रेस्टॉरंट थाटलं आणि 1933 मध्ये ते आणि त्यांचं दुसरं रेस्टॉरंट, अशा दोन्हींना मिशेलँचे तीन-तीन तारे मिळाले. नामवंत शेफ पॉल बोक्यूझ त्यांच्या हाताखाली शिकले. पुरुष शेफांची नावं जगभर झाली, पण पाया या बायकांचा.

शेवटी 'सेर्वेल द कान्यू' मागवा. ताजं मऊ चीज, त्यात चाइव्ह, शॅलट, लसूण, थोडं व्हिनेगर आणि तेल. चक्क्यात साखरेऐवजी फोडणीविना कोशिंबिरीचा मसाला घातला तर जसं लागेल, तसं. मला कनेलपेक्षा हेच जास्त आवडलं.

बिलात सेवेचे पैसे धरलेलेच असतात, वर काही ठेवायची सक्ती नाही. पाव आणि जगमधलं नळाचं पाणी फुकट. मात्र चौकड्यांचं कापड कुणालाही विकत मिळतं, आणि जुन्या शहरात तयार कनेल गरम करून वाढणारी ठिकाणंही भेटतात. 2012 पासून 'ले बुशों लियोने' असं प्रमाणपत्र दिलं जातं. दारावर त्याची पाटी आहे का पाहावं. पाटीशिवायही चांगली ठिकाणं आहेत, पण नवख्याने पाटी पाहिलेली बरी.

शाकाहारी असाल तर आधीच विचारा. मसुरातही खारवलेल्या डुकराचे तुकडे असू शकतात. बिनमाशाचं कनेल काही ठिकाणी मिळतं, सॉस मात्र वेगळा मागावा लागतो. आणि टेबल आदल्या दिवशी फोन करून ठेवा, बाराला पोहोचा. दोन वाजले की भट्टी बंद होते.