परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह

एखाद्या क्षेत्रातील सर्व सजीव व त्यांचा निर्जीव परिसर यांच्या परस्परसंबंधांतून बनलेल्या एककास परिसंस्था म्हणतात. सूर्यप्रकाशाच्या रूपाने परिसंस्थेत शिरणारी ऊर्जा वनस्पतींकडून प्राण्यांकडे व सूक्ष्मजीवांकडे जाते आणि प्रत्येक टप्प्यास तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. या क्रमास ऊर्जाप्रवाह म्हणतात. नायट्रोजन, फॉस्फरस इ. पोषक द्रव्ये परिसंस्थेत पुनःपुन्हा वापरली जातात. ऊर्जेचे तसे नाही. श्वसनात उष्णता होऊन गेलेली ऊर्जा सजीवांना अन्न म्हणून पुन्हा उपयोगी पडत नाही. म्हणून द्रव्यांचे चक्र असते, तर ऊर्जेचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो.

पोषण पातळ्या : हिरव्या वनस्पती व शैवले प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करतात, त्यांना उत्पादक म्हणतात. त्यांवर जगणारे शाकाहारी प्राणी, शाकाहाऱ्यांना खाणारे मांसाहारी व त्यांनाही खाणारे अग्रमांसाहारी या पुढील पातळ्या होत. बहुतेक प्राणी एकाहून अधिक प्रकारचे अन्न खातात. त्यामुळे निसर्गात सुट्या अन्नसाखळ्यांऐवजी त्यांच्या गुंफणीतून झालेले अन्नजाल आढळते. उत्पादकांनी बांधलेली एकूण ऊर्जा म्हणजे स्थूल उत्पादन आणि त्यातून त्यांचे श्वसन वजा जाता उरलेली ऊर्जा म्हणजे निव्वळ उत्पादन होय. इतर सर्व सजीवांचा निर्वाह या उरलेल्या भागावर होतो.

अभ्यासाचा विकास : अन्नसाखळी व संख्येचा मनोरा या कल्पना चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये मांडल्या. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील सीडार बॉग या लहानशा सरोवराचा अभ्यास करून रेमंड लिंडमन यांनी अन्नसंबंधांचा हिशेब ऊर्जेच्या परिमाणात केला. त्यांचा निबंध १९४२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाल्यानंतर, प्रसिद्ध झाला.

सिल्व्हर स्प्रिंग्जचा ताळेबंद : हावर्ड ओडम यांनी फ्लॉरिडातील या विशाल झऱ्याचा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढील आकडे दर चौ. मी. क्षेत्रास दर वर्षी किलोकॅलरींत आहेत. पाणवनस्पती व शैवलांनी शोषलेल्या सुमारे ४,१०,००० प्रकाश-ऊर्जेपैकी स्थूल उत्पादन झाले २०,८१०, म्हणजे सुमारे ५ टक्के. त्यातील ११,९७७ उत्पादकांच्याच श्वसनात खर्च होऊन निव्वळ उत्पादन ८,८३३ उरले. शाकाहारी प्राण्यांनी ३,३६८, मांसाहाऱ्यांनी ३८३ आणि अग्रमांसाहाऱ्यांनी केवळ २१ एवढी ऊर्जा आत्मसात केली. मृत वनस्पती, विष्ठा व कलेवरे यांतून अपघटक सूक्ष्मजीवांकडे ५,०६० गेली, म्हणजे शाकाहाऱ्यांपेक्षाही अधिक. सर्व सजीवांच्या श्वसनात मिळून १८,७९६ खर्च झाली व २,५०० प्रवाहाबरोबर खाली वाहून गेली. या दोहोंची बेरीज २१,२९६ होते. ती स्थूल उत्पादन व बाहेरून आलेली ४८६ एवढी ऊर्जा यांच्या बेरजेइतकीच आहे. बाहेरून आलेल्या ऊर्जेत पर्यटकांनी माशांना टाकलेल्या पावाचाही समावेश होता.

एका पातळीवरून पुढील पातळीकडे सुमारे दहा टक्के ऊर्जा जाते, असे स्थूलमानाने सांगतात. वरील उदाहरणात हे प्रमाण अनुक्रमे सुमारे १६, ११ व ५.५ टक्के होते. तेव्हा दहा टक्के हा काटेकोर नियम नसून साधारण अंदाज आहे. न खाल्लेले अन्न, न पचलेला भाग व श्वसन ही या घटीची कारणे होत.

ऊर्जेचा मनोरा : जीवभाराचा मनोरा क्वचित उलटा असू शकतो. इंग्लिश खाडीत वनस्पतिप्लवकांपेक्षा त्यांवर जगणाऱ्या प्राण्यांचा जीवभार अधिक आढळला आहे, कारण प्लवकांची वाढ अतिशय जलद होते व ते तितक्याच वेगाने खाल्ले जातात. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीही उलटा होत नाही.

परिणाम : या घटीमुळे अन्नसाखळ्या सामान्यतः चार-पाच पातळ्यांच्याच असतात व अग्रमांसाहारी नेहमी विरळ असतात. एका वाघास वर्षाला सुमारे ५० खुरी प्राणी लागतात आणि तो भक्ष्यसंख्येच्या सुमारे १० टक्के प्राणी मारतो. म्हणजे एका वाघामागे चितळ, सांबर, रानडुक्कर यांसारखे सुमारे ५०० प्राणी असावे लागतात. गुरांच्या अतिचराईने गवत संपले अथवा हरणांची चोरटी शिकार झाली, तर एकाही वाघाची हत्या न होता वाघ नाहीसे होतात. माणसाच्या आहारासही हाच हिशेब लागू पडतो. धान्य स्वतः खाण्याऐवजी ते जनावरांना चारून त्यांचे मांस खाल्ल्यास तेवढ्याच जमिनीवर कमी माणसांचे पोट भरते. मात्र माणसास न पचणारे गवत व कडबा यांतील ऊर्जा गुराढोरांमार्फतच दूध-मांसाच्या रूपाने त्याच्यापर्यंत पोहोचते, म्हणून चराऊ रानांच्या प्रदेशात पशुपालन हाच तिचा उपयोग करून घेण्याचा प्रमुख मार्ग ठरतो.