खिळा न ठोकता सजवा स्वयंपाकघर

भाड्याच्या घरात हॉल बरा मिळतो, बेडरूम चालवून घेता येते. खरी परीक्षा स्वयंपाकघरात असते. पिवळट टाइल्स, एकुलती एक ट्यूबलाइट, काळा ओटा आणि मालकांची सक्त ताकीद: भिंतीला भोक पाडायचं नाही! पण घाबरू नका. थोडक्या पैशांतही या जागेचं रूप पालटतं. पथ्य एकच पाळायचं, जे उचलून पुढच्या घरी नेता येईल त्यावरच पैसे घालायचे. त्यासाठी उपयोगी पडतील अशा या काही मजेदार गोष्टी.

मॉड्युलर किचन आलं ते भाडेकरूंसाठी!

आज शोरूममध्ये लाखांच्या भावात विकलं जाणारं मॉड्युलर किचन मुळात श्रीमंतांच्या बंगल्यासाठी जन्माला आलंच नाही. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात सर्वसामान्य लोकांसाठी भाड्याची घरं मोठ्या प्रमाणावर बांधली जात होती. त्या घरांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. जागा किती? साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये एवढ्याशा जागेत शेकडो माणसांचा स्वयंपाक कसा होतो, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं होतं. मग प्रत्येक वस्तू हाताच्या अंतरावर आणली. तांदूळ, साखर यांच्यासाठी मूठ आणि चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण केले. खण ओढायचा आणि थेट पातेल्यात ओतायचा. भाजीची सालं सरळ खाली पडावीत म्हणून ओट्यातच कचऱ्याचा खण दिला. दिवासुद्धा छताच्या पट्टीवरून हवा तिकडे सरकवता यायचा.

अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बांधली गेली. बरीचशी निळसर-हिरव्या रंगाची होती, कारण माशा निळ्या रंगावर बसत नाहीत असा तेव्हा समज होता. आणखी गंमत म्हणजे, हे आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता, असं बाईंनी स्वतःच सांगून ठेवलंय. २००० साली, १०३ वा वाढदिवस अवघ्या पाच दिवसांवर असताना त्या गेल्या. भाडेकरूंसाठी केलेल्या त्या स्वयंपाकघरांपैकी एक आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात दिमाखात आहे.

तेव्हा छोट्या जागेला नावं ठेवू नका. आपल्याकडेही मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि त्यातच अख्खा संसार. जमिनीवर जागा नाही म्हटल्यावर भांडी भिंतीवर चढली. स्टीलची मांडणी, छताखालून फिरणाऱ्या फळ्या, त्यावर ओळीनं लावलेले चकचकीत पितळी डबे. उभी जागा कशी वापरावी, हे शिकायचं तर चाळीसारखी शाळा नाही.

पुण्यातलं हूक मुंबईपेक्षा थोडं कमजोर

भोक पाडायचं नाही म्हटल्यावर पहिला आधार सक्शन कपचा, म्हणजे रबरी वाटीच्या हुकाचा. त्याला धरून ठेवतो तो गोंद नव्हे, हवेचा दाब. समुद्रसपाटीला हवा दर चौरस सेंटीमीटरवर साधारण १ किलो जोरानं रेटत असते. ५ सेंटीमीटर व्यासाच्या वाटीचं क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटीमीटर, म्हणजे कागदावरच्या हिशेबानं २० किलोचा रेटा! पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्के कमी आणि हुकाची पकडही तेवढीच कमी. रोजच्या व्यवहारात हा फरक जाणवणार नाही, पण दोन शहरांच्या वादात सांगायला मुद्दा झकास आहे.

मग हूक मध्यरात्री धाडकन का पडतं? कारण हवा आत शिरते. हुकाजवळ डोळा नेऊन बघा. वाटीची कड दोन टाइल्समधल्या सिमेंटच्या रेघेवर आली असेल, तर त्या खाचेतून हवा हळूहळू आत जाते. म्हणून वाटी नेहमी एका टाइलच्या मधोमध लावायची. आधी टाइलवरचा तेलकट थर भांड्याच्या साबणानं काढायचा, कोरडं पुसायचं आणि मग वाटी दाबायची. डिस्टेंपरच्या खरखरीत भिंतीवर हे हूक टिकणारच नाही, तिथे पैसे वाया घालवू नका. आणि काहीही असलं तरी त्यावर हलकंच सामान लावा: झारा, गाळणी, किसणी. बिडाचा तवा नाही.

चिकटपट्टीच्या हुकांचं तंत्र वेगळं. त्यातल्या चांगल्या पट्ट्या ताणल्या की सुटतात. सोलून काढायच्या नाहीत; शेपूट धरून पट्टी भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढायची. स्वतःकडे ओढलीत की रंगाचा पोपडा हातात आलाच म्हणून समजा.

भोक न पाडता पेगबोर्डही लावता येतो. भोकाभोकांची पाटी ओट्यावर उभी करून भिंतीला टेकवायची, झालं काम. अमेरिकेतल्या प्रसिद्ध पाककलातज्ज्ञ ज्युलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरात अशा पाट्यांवर भांडी टांगलेली असायची, आणि कुठलं भांडं कुठे जायचं ते कळावं म्हणून प्रत्येकाची बाह्यरेषा काढलेली होती. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ते स्वयंपाकघर जसंच्या तसं मांडून ठेवलंय.

लिंबू आणि कडप्प्याचं वैर

भाड्याच्या घरातला काळा ओटा बहुतेक वेळा कडप्प्याचा असतो. हा दगड आंध्रातल्या कडप्पा भागातला, जातीनं चुनखडीचा. म्हणूनच आंबट लागलं की तो झिजतो. पिळलेल्या लिंबाची फोड ओट्यावर तासभर राहिली, तर उचलल्यावर तिथे पांढुरकं वर्तुळ दिसतं. ते घासून जात नाही, कारण तो डाग नाहीच. दगडाचा वरचा थर विरघळलेला असतो. चिंच, आमसूल, व्हिनेगर, सगळ्यांचा परिणाम तोच. त्यामुळे ‘व्हिनेगरनं ओटा चमकवा’ हा सल्ला कडप्पावाल्यांनी ऐकू नये, साधा साबणच वापरावा. आधीच्या भाडेकरूनं करून ठेवलेल्या वर्तुळांवर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा, ओटा काही दिवस तरी काळाभोर दिसतो.

जुनी साडी, नवा पडदा

ओट्याखाली दार नसलेले कप्पे, त्यात सिलिंडर, बादली, कांदे-बटाटे. यावर उपाय कपाटात घडी घालून ठेवलेला असतो. सहावारी साडी साधारण ५.५ मीटर लांब. आठ फुटी ओट्याला दुप्पट चुण्या घालून पडदा करायचा तर ४.९ मीटर कापड लागतं. म्हणजे एका साडीत ओटा झाकून वर हात पुसायला दोन फडकीही निघतात. नऊवारी असेल तर खिडकीचीही सोय झाली. साडीचा पन्हा ओट्याच्या उंचीपेक्षा जास्त असतो, तेव्हा वरची बाजू कापा आणि खालचा काठ राखा. पडद्याला आयती किनार मिळते. ओट्याखालच्या दोन उभ्या कडप्प्यांच्या मध्ये स्प्रिंगचा टेन्शन रॉड अडकवला की खिळ्याचं नावच नको. साडी मात्र सुतीच घ्या. शेगडीच्या आसपास नायलॉन आणि जॉर्जेट नकोच.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पडदा जमिनीपासून चार बोटं वर ठेवा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली साठतो. त्याला स्वतःचा वासही नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. खालून हवा खेळती राहिली तर तो वास लवकर येतो. सजावटीपायी सिलिंडर कधीही बंदिस्त कोंडू नका. नारिंगी रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ती पाहा. ५ वर्षं झाली असतील तर आधी नळी बदला, पडदा नंतर.

टाइल्सवर लावायचे रंगीत विनाइल स्टिकर स्वस्तात मस्त दिसतात, पण बर्नरच्या मागे ते नकोत. उष्णतेनं विनाइल मऊ पडतं आणि सुटतं. तिथे मापाचा स्टीलचा पत्रा कापून आणा आणि नुसता टेकवून ठेवा. घर सोडताना स्टिकर काढायचे तर हेअर ड्रायरची गरम हवा द्या. गोंद सैल होतो. उरलेला चिकटा खोबरेल तेलानं निघतो.

स्वतःच्याच सावलीत भाजी चिरू नका

भाड्याच्या घरातली ट्यूबलाइट नेमकी पाठीमागच्या भिंतीवर असते. ओट्यापाशी उभं राहिलं की आपलीच सावली विळीवर. माझ्या मते तुमच्या बजेटमधला पहिला रुपया इथे जायला हवा. मांडणीखाली किंवा फळीखाली चिकटवायची एलईडी पट्टी घ्या. जुना ६० वॅटचा बल्ब देत होता तेवढा उजेड आज ९ वॅटचा एलईडी देतो. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे, आणि त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. खोक्यावर ‘सीआरआय’ चा, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा शोधा. तो ९० च्या आसपास असेल तर टोमॅटो लाल आणि कोथिंबीर हिरवीगार दिसते. कमी असेल तर ताजी भाजीही मलूल वाटते.

उजेडाची सोय झाली की खिडकीत बाटलीभर पाण्यात मनीप्लांट ठेवा. आपल्या घराघरांत रुळलेला हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरिया बेटाचा. फूल त्याला जवळपास कधीच येत नाही. पानं चघळली तर तोंडाची आग होते, म्हणून तान्ह्यांपासून आणि मांजरांपासून दूर. भिंतीवर आधीच एक खिळा असेल तर त्यावर कालनिर्णय लावा. १९७३ पासून मराठी स्वयंपाकघराची ती हक्काची शोभा आहे.

खरेदीला पुण्यात तुळशीबाग आणि बोहरी आळी, मुंबईत भांड्यांना भुलेश्वर आणि दिव्यांना लोहार चाळ. मापं लिहून न्या, भाव करा.

राहता राहिला करार. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारसुद्धा नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकांची असते. तुम्ही तुमच्या बाजूनं एवढं करा: सामान लावण्याआधी रिकाम्या स्वयंपाकघराचे फोटो काढा. फुटलेली टाइल, ओट्यावरचे डाग, आधीचे खिळे, सगळं त्यात येऊ द्या. ते फोटो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि काय काय लावणार आहात तेही लिहून विचारा. डिपॉझिट परत घेताना हेच फोटो कामाला येतात.