गुळवेल: रुजते सहज, ओळखावी मात्र नीट

मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की खानदेशात फांद्यांची देवाणघेवाण सुरू होते. कुणी जास्वंदीची काडी नेते, कुणी मोगऱ्याची, कुणी गुळवेलीचा वीतभर तुकडा. भडगावसारख्या गिरणाकाठच्या गावात गुळवेलीसाठी फार हिंडावे लागत नाही. बांधावरच्या कडुनिंबावर, पडक्या भिंतीवर, शेताच्या कुंपणावर ती दिसते. करोनाच्या साथीत काढ्यासाठी तिला मागणी आली आणि अनेक घरांच्या अंगणात, गच्चीवरच्या कुंडीत ती जाऊन बसली. अजूनही ती एका घरातून दुसऱ्या घरात जातच असते.

ही वेल लावणे अवघड नाही. पण तुकडा रुजला म्हणजे तो गुळवेलीचाच आहे, हे सिद्ध होत नाही. आणि खरी गुळवेल दारात आली म्हणजे ती रोज प्यावी, असेही नाही. लावण्यापूर्वी ओळख आणि पिण्यापूर्वी सल्ला, या दोन पायऱ्या बहुतेक ठिकाणी गाळल्या जातात.

तोडली तरी वाढणारी

गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. संस्कृतात तिला गुडूची आणि अमृता म्हणतात, तसेच छिन्नरुहा असेही एक नाव आहे. छिन्नरुहा म्हणजे तोडल्यावरही वाढणारी. हे नाव निरीक्षणातून आले असावे, कारण वेलीचा गुण त्यात अचूक उतरला आहे. झाडावर चढलेली वेल खालून कापली, तरी वरचा भाग लगेच सुकत नाही. मांसल खोडात साठवलेल्या पाण्यावर आणि पिष्टावर तो तग धरतो आणि दोऱ्यासारखी बारीक मुळे खाली सोडतो. ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा उभी राहते.

खोडाच्या तुकड्याला मुळे येतात कशी? रोपाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते खोडातून खालच्या दिशेने वाहते. फांदी कापली की त्याची वाट कापाजवळ तुटते आणि तिथे ते साचते. जखम आणि साचलेले ऑक्झिन या दोन इशाऱ्यांमुळे खोडातल्या काही पेशी आपले जुने काम सोडून नव्याने विभागू लागतात आणि त्यांतून मुळांचे अंकुर निघतात. मूळच्या जागी नसलेली अशी मुळे म्हणजे आगंतुक मुळे. ऑक्झिनचा आणि मुळे फुटण्याचा हा संबंध १९३०च्या दशकात स्पष्ट झाला. आज रोपवाटिकेत वापरली जाणारी आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक आम्लाची संजीवक पावडर त्याच शोधातून आली.

ऑक्झिन एकाच दिशेने वाहत असल्याने तुकड्याची खालची आणि वरची बाजू उलटून चालत नाही. म्हणून माळी खालचा काप तिरपा आणि वरचा काप सरळ घेतात. ढिगातून तुकडा उचलला, तरी कुठली बाजू मातीत घालायची ते लगेच कळते.

लागवड: जून-जुलै उत्तम

भडगाव परिसरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे असतो. त्या उन्हात मुळे नसलेला तुकडा पाणी ओढू शकत नाही आणि सुकतो. त्यामुळे पहिला चांगला पाऊस झाल्यावर, हवेत ओलावा आला की फाटे कलम लावावे.

तुकडा कोवळ्या शेंड्याचा नको. बोटाएवढ्या जाडीचा, पक्व आणि निरोगी वेलीचा घ्यावा. लांबी वीतभर, त्यावर किमान दोन-तीन डोळे हवेत. पाने असतील तर एखादे ठेवून बाकीची काढावीत, कारण मुळे नसताना पाने पाणी उडवत राहतात. धारदार, स्वच्छ चाकूने काप घ्यावा. काप सावलीत थोडा सुकू दिला, तर ओल्या मातीत तो कुजण्याची भीती कमी होते.

खानदेशातली काळी कसदार माती कपाशीला चांगली, पण कलमाला जड पडते. पावसात ती चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि कापापाशी हवा पोचत नाही. पिशवी किंवा कुंडी भरताना माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात घ्यावे. तळाला भोके हवीत. निदान एक डोळा मातीत आणि एक वर राहील, इतका तुकडा खोचावा. पिशवी सावलीत ठेवावी. माती ओलसर असावी, चिखल नसावा.

गुळवेलीला संजीवक पावडर लावण्याची गरज पडत नाही. बाजारातल्या काही पावडरींमध्ये बुरशीनाशकही मिसळलेले असते. शोभेच्या झाडाला ते चालेल. ज्या वेलीचा काढा करायचा विचार आहे, तिला ते नकोच.

पाने फुटली, पण मुळे?

पहिल्यांदा कलम लावणारे बहुतेक जण एका टप्प्यावर फसतात. दोन-तीन आठवड्यांत डोळ्यातून हिरवी पाने बाहेर येतात. रोप लागले, असे समजून ते उपटून अंगणात लावले जाते आणि आठ दिवसांत मान टाकते. ही पहिली पाने बहुधा खोडातल्या साठ्यावर निघालेली असतात. खाली मुळे अजून फुटायची असतात किंवा केसासारखी नाजूक असतात.

मुळे आली का, हे पाहण्यासाठी तुकडा उपटू नये. अगदी हलका ताण द्यावा. तुकडा मातीला धरून राहिला तर मुळे आली आहेत. पिशवीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळे डोकावू लागली की शंकाच उरत नाही. सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे थांबावे.

रोप हलवतानाही घाई नको. सावलीत वाढलेल्या पानांना कडक ऊन सोसत नाही. आधी आठवडाभर सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवून त्यांना सवय लावावी. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी पिशवी बाजूने कापून मातीचा गोळा न फोडता रोप खड्ड्यात ठेवावे. माती हलक्या हाताने दाबून लगेच पाणी द्यावे. जवळ मजबूत आधार हवा. लहान झाडावर वेल सोडली, तर ती त्याचा शेंडा झाकून टाकते आणि झाड खुंटते.

कडुनिंबावरची गुळवेल श्रेष्ठ, असे परंपरेने मानले जाते. मात्र गुळवेल अमरवेलीसारखी परोपजीवी नाही. अमरवेल यजमान झाडात शोषक मुळे घुसवते. गुळवेल झाडाचा फक्त आधार घेते आणि अन्न-पाणी स्वतःच्या मुळा-पानांतून मिळवते. तिचा कडूपणा तिच्याच रसायनांचा आहे. कडुनिंब नसेल, तर मांडवावर किंवा जाळीवरही ती तितकीच गुळवेल असते.

आईसारखे मूल, तंतोतंत

कजगावच्या पट्ट्यातल्या केळी उत्पादकाला एक गोष्ट सांगावी लागत नाही: रोगट झाडाचे कंद लावले, तर पुढची बागही रोगट निघते. केळीचा कंद असो, उतिसंवर्धित रोप असो की गुळवेलीचा तुकडा, बियाण्यासारखी इथे दोन झाडांच्या गुणांची सरमिसळ होत नाही. मूळ झाडाची ती प्रतिकृती असते. गुळवेलीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. नर वेलीच्या तुकड्यातून नर वेलच येते आणि तिला लाल फळे कधीच धरत नाहीत. खोडच औषधी असल्याने त्याने बिघडत नाही.

पण याच नियमाची दुसरी बाजू अडचणीची आहे. ज्या वेलीचा तुकडा आणला तीच चुकीची असेल, तर गल्लीतल्या दहा घरांत तीच चूक दहा वेळा रुजते.

बदामी किंवा हृदयाच्या आकाराचे पान म्हणजे गुळवेल, एवढी ओळख पुरेशी नाही. पहाडवेल आणि वासनवेल याच कुळातल्या आहेत. त्यांची पाने नवख्याला फसवू शकतात, पण त्यांचे खोड बारीक असते. टिनोस्पोरा सायनेन्सिस ही जवळची बहीण महाराष्ट्रातही आढळते. तिच्या पानाच्या खालच्या बाजूला मऊ लव असते, तर गुळवेलीचे पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते. तिसरी टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर सर्वत्र ठळक गाठी असतात.

खऱ्या गुळवेलीचे जुने खोड मांसल असते. त्यावरची पातळ साल कागदासारखी सुटते आणि ती सोलली की खाली हिरवा रंग दिसतो. आडवा काप घेतला, तर मध्यापासून निघालेल्या आऱ्यांसारखी चाकाची नक्षी दिसते. वेलीवरून दोऱ्यासारखी मुळे लोंबतात. फळ वाटाण्याएवढे, गोल आणि पिकल्यावर लाल असते. एकाच खुणेवर भरवसा न ठेवता सगळ्या खुणा जुळवाव्यात. तरीही शंका राहिली, तर जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा आयुर्वेद महाविद्यालयाला पान, खोड आणि शक्य असल्यास फळ दाखवावे.

यकृताचा प्रश्न

ओळखीचा हा मुद्दा केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील डॉक्टरांकडे यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. त्यांची माहिती २०२१मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती याची नीट खात्री केलेली नाही, क्रिस्पासारखी वेल चुकून घेतली गेली असू शकते आणि गुळवेलीला दोष देणे योग्य नाही, अशी मंत्रालयाची भूमिका होती. फेब्रुवारी २०२२मध्ये मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे पुन्हा सांगितले.

त्याच वर्षी देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास ‘हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स’मध्ये आला. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ मध्यकाने ४६ दिवस होता. म्हणजे निम्म्या रुग्णांना साधारण दीड महिन्याच्या आतच त्रास सुरू झाला. अनेकांना आधीपासून यकृताचा आजार होता, पण त्यांना तो ठाऊक नव्हता. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, अशा प्रकारच्या आजाराची चिन्हे त्यांच्यात दिसली.

यामागचे संभाव्य कारण समजायला कठीण नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हीच गुळवेलीची कीर्ती. पण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच चुकीच्या दिशेने वळलेली आहे, त्याच्या बाबतीत तिला आणखी चेतवणे धोक्याचे ठरू शकते. असंख्य लोक गुळवेल घेतात आणि त्यांना काही होत नाही, हे खरे. कुणाला त्रास होईल, हे मात्र वेलीकडे पाहून कळत नाही.

मात्रा आणि मुदत यांच्याकडेही दुर्लक्ष होते. आयुष मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२०च्या करोनाविषयक नियमावलीत गुडूची घनवटी किंवा चूर्ण घेण्याचा उल्लेख होता, पण तो १५ दिवस किंवा महिनाभर, अथवा वैद्य सांगतील तसा. ‘रोज सकाळी पेलाभर, वर्षभर’ असे त्यात कुठेही नव्हते. घरच्या काढ्यात तर किती खोड उकळले आणि त्यातून किती द्रव्य उतरले, याचा अंदाज कुणालाच नसतो.

कोणी जपावे?

यकृताचा जुना आजार असलेल्यांनी, संधिवात, ल्युपस किंवा थायरॉइडचा स्वयंप्रतिकार प्रकारातला विकार असलेल्यांनी आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या महिलांनीही टाळावी. गुळवेलीमुळे रक्तातील साखर उतरू शकते, म्हणून मधुमेहाची औषधे सुरू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा सुरू करू नये.

काढा घेत असताना भूक मंदावली, मळमळ किंवा खूप थकवा जाणवला, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर काढा त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे. बिलिरुबिन, एसजीपीटी यांसारख्या साध्या रक्ततपासण्यांतून यकृताची स्थिती कळते. त्या वेळी गुळवेल घेत असल्याचे आवर्जून सांगावे. ‘ते काही औषध नाही, घरचेच आहे’ म्हणून ही माहिती अनेकदा डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही आणि कारण शोधण्यात मोलाचे दिवस जातात. शक्य असल्यास वेलीचा पानासह तुकडाही सोबत न्यावा.

आणखी एक काळजी खानदेशासाठी महत्त्वाची. कपाशीच्या किंवा भाजीपाल्याच्या शेताच्या बांधावर वेल असेल, तर पिकावरच्या फवारणीचे तुषार तिच्यावरही पडतात. सांडपाण्याच्या नालीकाठची किंवा वर्दळीच्या रस्त्यालगतची वेलही औषधासाठी वापरू नये. अशा ठिकाणाहून लावण्यासाठी तुकडा घेतला, तर घरच्या स्वच्छ मातीत वर्षभर वाढू द्यावा. औषधात पक्व खोडच वापरतात, त्यामुळे तेवढे थांबणे तसेही भाग आहे.

यंदा कुणी गुळवेलीचा तुकडा हातावर ठेवला, तर तो ज्या वेलीचा आहे ती वेल आधी पाहून यावी. साल, काप, पान, फळ तपासावे आणि मगच पिशवी भरावी. पुढच्या वर्षी आपल्या वेलीचा तुकडा कुणाला देताना या खुणाही त्याला सांगाव्यात.