झाड दिसतंय, पण आहे टॉवर!

कर्जतहून खोपोली लोकल पकडलीत की आधी रेंज बघता ना? रेंज सगळ्यांनाच हवी, टॉवर मात्र शेजाऱ्याच्या गच्चीवर! अमेरिकेत डेन्व्हरला १९९२ मध्ये यावर तोडगा निघाला : टॉवरलाच पाइनचं झाड बनवा. पानं प्लास्टिकची, कारण धातू लहरी अडवतो.

माथेरान परिसर २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन. इथे असं सोंग शोभेलही. आणि जुलै २०२३ च्या इर्शाळवाडीनंतर डोंगरात फोन का लागायला हवा, हे खालापूरकरांना सांगायला नको.

पण वेष बदलून रेडिएशन बदलत नाही. भारतात २०१२ पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय निकषाच्या एक दशांश आहे. तुमच्या जवळचा टॉवर ती पाळतो का? सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर बघा. झाड खोटं चालेल, माहिती खरी हवी!